पोर्टफोलिओत कोणते पेपर ठेवू?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे लेखनाविषयीचे प्रश्न मी या सदरात घेते. गेली बावीस वर्षं मी तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं मुलांचे पोर्टफोलिओ, म्हणजे कोर्समध्ये लिहिलेल्या निबंध-रिपोर्टांचे (तिकडे त्यांना ‘पेपर’ म्हणतात) संच, तपासण्याचं कामही केलं आहे. या वेळी आलेली बहुतेक पत्रं पोर्टफोलिओबद्दलच होती, म्हणून सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : ताई, मी अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात बायोलॉजी करते. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून इथे ट्रान्सफर घेतली. आता ॲडव्हायझर सांगतात की ‘रायटिंग कॉम्पिटन्सी’ची अट पूर्ण केल्याशिवाय पदवी मिळणार नाही. आधीच्या कोर्समधले तीन पेपर आणि सोबत स्वतःच्या लेखनाबद्दल एक पत्र, असा पोर्टफोलिओ द्यायचा आहे. प्रत्येक पेपरवर त्या कोर्सच्या शिक्षकांची सही हवी. माझा ‘ए’ मिळालेला इतिहासाचा एक पेपर आहे, पण ते सर निवृत्त झाले. बाकी सगळे लॅब रिपोर्ट. इंग्रजी माझी तिसरी भाषा. पत्र तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा ‘मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे’ असंच काहीतरी उतरतं. पाच आठवडे उरलेत. तिसरा मसुदा आणि एका लॅब रिपोर्टचे दोन्ही ड्राफ्ट सोबत जोडले आहेत. काय करू?

उत्तर : आधी सहीचं बघ, कारण बाकी सगळं तुझ्या हातात आहे, सही दुसऱ्याच्या हातात आहे. आजच इतिहास विभागाच्या ऑफिसला मेल कर. सर निवृत्त झाल्याचं सांग, पेपरची शेरे असलेली प्रत जोड आणि विभागप्रमुखांची सही चालेल का, ते विचार. शिक्षक सोडून गेले, रजेवर गेले, हे दर वर्षी होतं आणि त्याची वाट अनेक ठिकाणी नियमातच दिलेली असते. पण उत्तर यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. माझ्या एका विद्यार्थ्याने सही शेवटच्या चार दिवसांवर ठेवली होती. त्याचे पेपर चांगले होते. पोर्टफोलिओ घेतलाच गेला नाही आणि त्याचं एक सेमिस्टर लांबलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण मी त्याला पेपर सुधारायला तासन्‌तास मदत केली आणि सहीबद्दल एकदाही विचारलं नाही.

आता ही अट मुळात कशासाठी आहे ते थोडं सांगते, म्हणजे वाचणारे काय शोधतात ते तुला कळेल. हार्वर्डने १८७४ साली प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखन घातलं. तेव्हापासून ‘मुलांना लिहिता येत नाही’ ही ओरड अमेरिकेत कधी थांबलेली नाही, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा पुन्हा परीक्षाच आली. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने १९७६ मध्ये पदवीआधी लेखनक्षमता सिद्ध करण्याची अट सगळ्या कॅम्पसना घातली, आणि पुष्कळ कॅम्पसनी त्यासाठी ठरावीक वेळेत निबंध लिहून घेतला. समोर येईल तो विषय, हातात पेन, डोक्यावर घड्याळ.

१९८०च्या दशकात न्यू यॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ या दोघांनी अशा परीक्षेच्या जागी पोर्टफोलिओ आणला. त्यांचा मुद्दा मला आजही शंभर टक्के पटतो. माणूस खरं लिहितो ते पुन्हा लिहिताना, आणि घड्याळ लावलेल्या परीक्षेत पुन्हा लिहिणं दिसतच नाही. त्यांच्याकडे मुलं सुधारून लिहिलेले पेपर देत, एखादा वर्गात बसून लिहिलेला देत, आणि पेपरसोबत एक छोटं टिपण असे: हा कसा लिहिला, कुठे अडलं, कोणाची मदत घेतली. वाचायला मात्र दुसऱ्या वर्गाचा शिक्षक. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने हीच कल्पना सगळ्या शाखांच्या मुलांसाठी नेली: वेगवेगळ्या कोर्समधले तीन पेपर आणि जोडीला ठरावीक वेळेत केलेलं थोडं लेखन. तुझ्या विद्यापीठाची अट याच घराण्यातली दिसते. तू जिला परीक्षा समजून घाबरली आहेस ती मुलांची परीक्षेतून सुटका व्हावी म्हणून आलेली आहे.

तपासणी कशी होते तेही डोळ्यांसमोर आण. मी ज्या खोलीत बसले आहे तिथे सकाळचे पहिले दोन तास कोणाचाही निकाल लागत नाही. जुने चार-पाच पोर्टफोलिओ सगळ्या वाचकांना देतात. प्रत्येकजण आपापला आकडा लिहितो आणि मग हात वर करायला लावतात. कोणाचा चार, कोणाचा दोन. का, यावर बोलणं होतं, आणि सगळ्यांची मापं एका रेषेत येईपर्यंत ते चालू राहतं. याला नॉर्मिंग म्हणतात. मग खरे पोर्टफोलिओ येतात. एक पोर्टफोलिओ दोघं वाचतात, पहिल्याने काय दिलं ते दुसऱ्याला दिसत नाही. दोघांचं जमलं नाही तर तिसरा. तुझ्या इतिहासाच्या पेपरला ‘ए’ होता, हे अनेकदा त्या खोलीत कोणाला माहीतही नसतं. म्हणून ग्रेडवरून पेपर निवडू नकोस.

मग कशावरून? आधी तुमच्या अटींचा कागद समोर ठेव आणि त्यात कोणकोणत्या प्रकारचं लेखन मागितलंय त्याखाली रेघ ओढ. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजच्या पोर्टफोलिओचं उदाहरण घे. तिथे सगळे पेपर मिळून काही गोष्टी दिसाव्या लागतात: निरीक्षण नोंदवणं, गुंतागुंतीच्या माहितीचं विश्लेषण, अर्थ लावणं, संदर्भ शोधून नीट देणं, आणि एक ठाम विधान मांडून ते पुराव्याने उभं करणं. पेपरही एकाच विभागातले चालत नाहीत. तुमची यादी थोडी वेगळी असेल, पण गोत्र तेच असतं. लॅब रिपोर्ट निरीक्षणात आणि विश्लेषणात सहज बसतो, संदर्भ आणि विधान ही बाजू इतिहासाचा पेपर सांभाळेल. तिसरा मात्र लॅब रिपोर्ट नको. कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या वर्गात काहीतरी लिहिलं असशीलच, ते शोध. त्याची सही मिळते का, तेही आजच विचार.

ग्रुपने लिहिलेला रिपोर्ट मात्र ठेवू नकोस. मेथड्सचा भाग चौघांनी मिळून केलेला असतो आणि वाचणाऱ्याला शब्दांची जात बदललेली लगेच जाणवते. आणि प्रत्येक पेपरसोबत मूळ असाइनमेंट शीट, म्हणजे शिक्षकांनी दिलेला सूचनांचा कागद, लाव, तुमच्याकडे मागितली नसली तरी. शिक्षकांनी नेमकं काय करायला सांगितलं होतं हे माहीत नसेल तर चांगला पेपरही भरकटलेला वाटतो. दोन पानांचं उत्तर मागितलं होतं म्हणून दोन पानांत आटपलंस, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?

आता तू पाठवलेला लॅब रिपोर्ट. ताई म्हणून सांगते, तुझ्याकडे सोनं आहे आणि तू ते पत्रात दाखवलेलंच नाहीस.

लाळेतलं अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, घेऊन स्टार्चवर वेगवेगळ्या तापमानांना काय होतं ते तुम्ही पाहिलंत. आयोडिन टाकायचं, स्टार्च असेपर्यंत दिसणारा निळा-काळा रंग कधी जातो ते बघायचं. पहिल्या ड्राफ्टमध्ये तू प्रत्येक तापमानाची वेळ ओळीने लिहिलीस आणि शेवटी म्हटलंस की तापमानाचा एन्झाइमवर परिणाम होतो असं आढळून आलं. टीएने, म्हणजे वर्गाच्या साहाय्यक शिक्षकाने, समासात दोनच शब्द लिहिलेत: ‘सो व्हॉट?’

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये काय केलंस बघ. बर्फातल्या आणि ७० अंशांच्या, दोन्ही नळ्यांत निळा रंग शेवटपर्यंत राहिला होता. पहिल्या ड्राफ्टमध्ये तू दोघींना एकाच वाक्यात घालून मोकळी झाली होतीस. आता तू त्यांना वेगळं केलंस. दोन्ही नळ्या ३७ अंशांच्या पाण्यात ठेवल्यावर बर्फातलीचा रंग गेला, गरम नळीचा तसाच राहिला. आणि मग तू लिहिलंस की थंडीत एन्झाइम मंद झालं होतं, उष्णतेत त्याची घडीच मोडली होती, म्हणून ते परत कामाला लागलं नाही. वरून बघता दोन सारखे निकाल, आणि आत दोन वेगळी कारणं! विश्लेषण म्हणतात ते हेच. तुझ्याकडे माहिती पहिल्या ड्राफ्टच्या वेळीही होती, प्रयोगवहीत नोंद होती. लिहिताना तू तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंस.

आणि पत्रात याबद्दल काय आहे? ‘या रिपोर्टमुळे माझी विश्लेषणक्षमता विकसित झाली.’ बस, एवढंच.

एडवर्ड व्हाइट या लेखन-परीक्षणातल्या जाणत्या अभ्यासकांनी २००५ मध्ये एक गोष्ट स्वच्छ मांडली: पोर्टफोलिओतलं पत्र हीच खरी मांडणी, आणि पेपर म्हणजे तिचे पुरावे. वाचणाऱ्याने पत्र हातात धरून पेपर तपासावेत. मी ते मनावर घेतलं तेव्हापासून माझं वाचणं बदललं. एका उन्हाळ्यात माझ्या टेबलावर एक अतिशय सफाईदार पोर्टफोलिओ आला होता. तत्त्वज्ञानाचे दोन पेपर, एकही चूक नाही, आणि पत्रात नुसते शिक्षकांचे आभार आणि ‘मी खूप वाढलो’. तो पास झाला, पण तेवढाच. त्याच दिवशी केमिस्ट्रीच्या एका मुलाचा आला. इंग्रजी खडबडीत. पत्रात त्याने लिहिलं होतं की दुसऱ्या पेपरमधला चौथा परिच्छेद अजून कच्चा आहे, कारण विरुद्ध बाजूचा एकच लेख मला सापडला आणि मी तो पूर्ण समजून न घेता खोडून काढला. मी तो परिच्छेद उघडला. अगदी तसंच होतं. ज्या मुलाला स्वतःच्या लेखनातला कच्चा भाग बोट ठेवून दाखवता येतो त्याला लिहिता येत नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? दुसऱ्या वाचक बाईंनीही त्याला वरचाच आकडा दिला होता, हे नंतर कळलं.

म्हणून तुझ्या पत्रातून लहानपणची आवड काढून टाक. ती खोटी आहे असं नाही, पण तिचा पुरावा त्या फाइलमध्ये नाही. तिच्या जागी अमायलेज येऊ दे. ‘पहिल्या ड्राफ्टमध्ये मी आकडे ओळीने दिले आणि एका सर्वसाधारण वाक्यावर थांबले. टीएच्या शेऱ्यानंतर मी वहीतल्या नोंदी पुन्हा पाहिल्या. पान तीनवरच्या दुसऱ्या परिच्छेदात बर्फातली आणि ७० अंशांची नळी मी वेगळी केली, कारण…’ असं सरळ. पानाचा आणि परिच्छेदाचा नंबर दे, वाचणारा तिथे जातोच. प्रत्येक पेपरबद्दल अशी एक जागा पुरे, तीन पेपरांच्या तीन. आणि चौथी जागा तुला अजून न जमलेल्या गोष्टीची. तुमच्या रुब्रिकमध्ये, म्हणजे तपासणीच्या निकषांच्या तक्त्यात, जे शब्द आहेत ते वापर, पण शब्दामागे लगेच पान यायला हवं.

राहिला इंग्रजीचा धसका. तुझं पत्र वाचताना मी तुझ्या चुका मोजल्या, कारण तुला त्यांचीच भीती आहे. निम्म्याहून जास्त ‘अ’ आणि ‘द’च्या निघाल्या. मराठीत आर्टिकल नाही, तेव्हा कानाला ते खटकत नाही. बाकी ‘डिस्कस अबाउट’, आणि ‘आय ॲम स्टडीइंग हिअर सिन्स टू इयर्स’, जे आपण ‘दोन वर्षांपासून शिकते आहे’चं इंग्रजी करतो. अशा तीन-चारच सवयी आहेत. एका संध्याकाळी फक्त ‘द’ शोधत पेपर वाच, दुसऱ्या संध्याकाळी फक्त ‘सिन्स’. एकाच बैठकीत सगळं शोधायला गेलीस की काहीच सापडत नाही. विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे लेखनात मदत करणाऱ्या केंद्रात, जा, पण ‘चुका काढून द्या’ म्हणू नकोस, त्यांचं ते कामही नाही. ‘पान तीनवरचा हा परिच्छेद वाचून मला काय म्हणायचंय ते सांगा’ असं म्हण, आणि ट्यूटर सांगेल ते लिहून घे.

त्या खोलीत एखादं आर्टिकल चुकलं म्हणून मी कोणाला नापास झालेलं पाहिलेलं नाही. वाक्याचा अर्थच लागत नाही इतक्या चुका असल्या तर गोष्ट वेगळी, आणि तुझ्या पेपरांत तसं कुठेही नाही. कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या संघटनेने १९७४ सालीच ठराव केला होता की विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या भाषेचा, बोलीचा हक्क आहे. ठराव झाला म्हणून सगळे वाचक बदलले असं नाही. पण आज त्या टेबलाभोवती बसणाऱ्यांत माझ्यासारखे, दुसऱ्या भाषेतून आलेले पुष्कळजण आहेत.

पहिला आठवडा सह्या आणि असाइनमेंट शीट. मग पत्र. पेपरांना हात शेवटी लाव, आणि मुळात सुधारून द्यायला परवानगी आहे का ते आधी विचार. काही ठिकाणी पेपर कोर्समध्ये दिला तसाच द्यावा लागतो.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या पोर्टफोलिओचा निकाल ‘नीड्स वर्क’ असा आला. तो नीट काही सांगत नाही. फी आम्ही भरतो. विद्यापीठाला फोन करून नेमकं काय चुकलं ते विचारलं तर चालेल का?

उत्तर : फोन करून उपयोग होणार नाही, आणि ऑफिसातली माणसं तुम्हाला टाळताहेत असं कृपया समजू नका. १९७४ चा ‘फर्पा’ नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, मग फी कोणीही भरो. त्याने लेखी संमती दिल्याशिवाय ते तुमच्याशी त्याच्या निकालाबद्दल सहसा बोलत नाहीत. त्याच कायद्याने त्याला स्वतःला मात्र आपल्या नोंदी पाहता येतात. तेव्हा त्यानेच जाऊन वाचकांचे शेरे मागावेत.

तुम्ही दोघं घाबरला आहात, ते पत्रातून कळतं. ‘नीड्स वर्क’ म्हणजे पदवी गेली असं नाही. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ एवढाच की एखादा जादा लेखनाचा कोर्स किंवा ट्यूटोरियल करायचं, नाहीतर सुधारून पुन्हा द्यायचं. नेमकं काय ते त्याच्या निकालपत्रात असेल. त्याला ‘काय चुकलं?’ असं विचारू नका. ‘त्यातला एक पेपर मला वाचून दाखव’ म्हणा. मराठीत समजावून सांगायला लावा. माझ्याकडे असा निकाल घेऊन आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना आपला मुद्दा तोंडी सांगता येत होता आणि कागदावर तो पाचव्या पानावर उगवत होता. आपल्या शाळेतल्या निबंधात आपण प्रस्तावना करून हळूहळू मुद्द्यावर येतो, इथे मुद्दा आधी मागतात. मीही पहिल्या सेमिस्टरला तसंच लिहायचे. शिकवण्याने ते सुटतं, आणि तो जादा कोर्स नेमका त्याचसाठी असतो.

प्रश्न : पोर्टफोलिओसाठी निवडलेल्या एका पेपरमध्ये मी दोन परिच्छेद चॅटजीपीटीकडून लिहून घेतले होते. तेव्हा कोणी पकडलं नाही. आता तोच पेपर सगळ्यात चांगला दिसतोय. ठेवू का?

उत्तर : नको. पोर्टफोलिओसोबत हे लेखन माझं आहे असं सांगून तू तो देणार, आणि ते खरं नाही. तू मला विचारलंस याचा अर्थ तुलाही ते खुपतंय, आणि ते मला बरं वाटलं.

दुसरी अडचण रोजच्या व्यवहारातली आहे. पत्रात त्या परिच्छेदांबद्दल तू काय लिहिणार? का तसे लिहिले, आधी काय होतं, काय बदललं, यातलं काहीच तुझ्याकडे नाही. वाचणाऱ्याचं बोट नेमकं तिथेच थांबतं. त्याऐवजी बी मायनस मिळालेला, पण अक्षर न्‌ अक्षर तुझा असलेला पेपर घे. सुधारायला परवानगी असेल तर सुधार. आणि ज्या कोर्समध्ये एआयची मदत घ्यायला शिक्षकांनी मोकळीक दिली होती, तिथला पेपर ठेवत असशील तर कुठे आणि किती मदत घेतली ते पत्रात सरळ लिही. स्टोनी ब्रुकच्या त्या टिपणांत मुलं मैत्रिणीची मदत लिहायची, तसंच.

प्रश्न : मी नुकताच पहिल्या वर्षाला लागलोय. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी पोर्टफोलिओ असतो. आत्तापासून काय जपून ठेवू?

उत्तर : प्रत्येक कोर्सचं एक फोल्डर कर. त्यात असाइनमेंट शीट, पहिला ड्राफ्ट, शेरे असलेली प्रत आणि शेवटची प्रत. चारही. कोर्सचं ऑनलाइन पान सेमिस्टर संपल्यावर कधी बंद होईल सांगता येत नाही आणि शिक्षकांचे शेरे त्याच्यासोबत जातात, म्हणून शेवटच्या आठवड्यातच सगळं उतरवून घे. पहिल्या ड्राफ्टवरून दुसरा ‘सेव्ह’ करू नकोस, फाइलच्या नावात तारीख घाल. सही लागत असेल तर ग्रेड हातात आल्या आल्या घे, शिक्षकांना तुझा पेपर तेव्हा आठवत असतो. आणि पेपर दिला त्या रात्री चार ओळी मराठीत का होईना लिहून ठेव: कुठे अडलं, काय काढून टाकलं, कोणता परिच्छेद अजून मनासारखा नाही. तीन वर्षांनी पत्र लिहायला बसशील तेव्हा त्या चार ओळीच तुझ्या उपयोगी पडतील.